विजेचा रेटा आणि प्राध्यापक गॅलिमोर
(विहाराच्या वर्धापनदिनी माकणी येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आम्ही दरसाल बोलतो ते चळवळीवर. यंदा समितीनं सांगितलं, अभ्यासिकेतल्या पोरांसाठी विज्ञानावर बोला. आम्ही म्हणालो, अहो, आम्ही सूतगिरणीतला माणूस. शाळा आठवीपर्यंत. रिंगखात्यात उभं राहून आयुष्य गेलं. अध्यक्ष म्हणाले, म्हणूनच तुम्ही बोला. कॉलेजातला साहेब बोलला तर पोरांना वाटतं हे आपल्यासाठी न्हाई. हे आम्हाला पटलं. तेव्हा दोन महिने वाचन केलं. इंग्रजी मजकूर पुतण्याकडून वाचून घेतला, शब्दकोश मांडीवर घेऊन बसलो, आणि जे पक्कं समजलं तेवढंच आज तुमच्यापुढं ठेवतो.

आजचा माणूस आहे प्राध्यापक अ‍ॅलेक गॅलिमोर. अमेरिकेतला कृष्णवर्णीय अभियंता. अवकाशयान विजेच्या रेट्यानं कसं चालवायचं, हा त्यांचा जन्माचा विषय. पुस्तकात त्याला विद्युत प्रणोदन म्हणतात. आपण रेटा म्हणू. शब्द सोपा असला म्हणून विषय हलका होत नाही.

आधी रेटा म्हणजे काय ते बघू. आपल्या धरणाच्या पाण्यात मासे धरणारी पोरं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जातात. समजा तराफ्यावर वल्हं नाही, पण दगडांची पाटी आहे. दगड मागं फेकला की तराफा पुढं सरकतो. जेवढा दगड जड, जेवढा जोरात फेकला, तेवढा तराफा पुढं. अवकाशात पाणी नाही, हवा नाही, रस्ता नाही. तिथं पुढं जायचं तर आपल्याजवळचं काहीतरी मागं फेकल्याशिवाय गत्यंतर नाही. रॉकेट हेच करतं. इंधन जाळतं आणि तापलेला वायू मागं फेकतं.

आता गोष्ट अशी, की दगडाची पाटी संपली की खेळ संपला. म्हणून शहाणा माणूस काय करील? दगड कमी वापरील आणि प्रत्येक दगड जास्त जोरात फेकील. ज्वारीच्या राखणीला आपण माळ्यावर उभं राहून पाखरं हाकायचो. हातानं फेकलेला दगड कुठवर जायचा आणि तोच दगड गोफणीतून सुटला की कुठवर जायचा? दगड तोच, माणूस तोच. जाळून फेकलेला वायू सेकंदाला तीन ते साडेचार किलोमीटर वेगानं बाहेर पडतो. विजेनं फेकलेले कण सेकंदाला वीस किलोमीटर, काही यंत्रांत त्याहून जास्त वेगानं जातात. वीस किलोमीटर म्हणजे किती? सोलापूरहून पुण्याला बारा-तेरा सेकंदांत. ही विजेची गोफण आहे.

पण वीज कणाला धरते कशी? हे आम्हाला पुस्तकापेक्षा गिरणीनं आधी शिकवलं होतं. उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की पॉलिस्टर मिसळलेला कापूस वेड्यासारखा वागतो. पेळू फुलतो, तंतू उभे राहतात, रुळाला जाऊन चिकटतात, सूत सारखं तुटतं. मग खात्यात ओल सोडावी लागते. का? घासून घासून तंतूवर विजेचा भार चढतो. भार चढलेल्या वस्तूला दुसरा भार ओढतो, नाहीतर ढकलतो. प्लॅस्टिकचा कंगवा केसांवर घासून कागदाच्या कपट्याजवळ न्या, घरी करून बघा.

साध्या वायूच्या कणावर असा भार नसतो, तो बरोबरीत असतो. त्याच्यातला एक इलेक्ट्रॉन बाहेर काढला की तो भारलेला होतो. त्याला आयन म्हणतात. आयन झाला की विजेनं त्याला हवा तसा हाकता येतो. गॅलिमोर यांनी ज्या यंत्रावर सर्वांत जास्त काम केलं त्याला हॉल थ्रस्टर म्हणतात. एडविन हॉल नावाच्या अमेरिकन माणसानं १८७९ साली वीज आणि चुंबक एकत्र आल्यावर काय होतं त्याचा एक शोध लावला, त्याच्यावरून हे नाव. यंत्र दिसायला गोल. मधे खुंटा आणि भोवती गोल खाच, आपल्या जात्याच्या खालच्या पाळूसारखं. त्या खाचेत झेनॉन नावाचा वायू सोडतात. चुंबकाच्या जोरानं इलेक्ट्रॉन त्या खाचेत अडकतात आणि गोल गोल फिरत राहतात. फिरता फिरता ते झेनॉनच्या कणांना धडकतात, त्यांचा इलेक्ट्रॉन उडवतात, आयन तयार होतात. आयन इलेक्ट्रॉनपेक्षा लाखो पटींनी जड. चुंबक त्यांना फारसं वळवू शकत नाही. विजेचा दाब मात्र त्यांना सरळ बाहेर फेकतो. निळसर उजेडाचा झोत निघतो. बाहेर एका नळीतून पुन्हा इलेक्ट्रॉन सोडतात, म्हणजे बाहेर गेलेला हिशोब बरोबरीत येतो. नाहीतर यानावरच भार साठत जाईल आणि बाहेर टाकलेले कण परत ओढले जातील.

हे सगळं नवं नाही. अमेरिकेच्या सर्ट-१ या यानानं २० जुलै १९६४ रोजी असलं आयनचं इंजिन अवकाशात पहिल्यांदा चालवलं, अर्धा तासभर. हॉल थ्रस्टर मात्र रशियानं आधी कामाला लावला, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मेटिओर उपग्रहावर. त्या काळी दोन्ही देश एकमेकांचं तोंड बघत नव्हते. सोव्हिएत संघ मोडला आणि १९९०च्या दशकात ही रशियन विद्या अमेरिकेच्या प्रयोगशाळांत शिरली. नेमका त्याच सुमारास गॅलिमोर यांचा उमेदीचा काळ सुरू झाला.

त्यांचं शिक्षण असं. १९८६ साली रेन्सेलर पॉलिटेक्निक या संस्थेतून विमानविद्येची पदवी. मग प्रिन्स्टन विद्यापीठ, तिथं १९९२ साली डॉक्टरेट. या डॉक्टरेटचा विषय ऐका, कारण आम्हाला त्यात माणूस दिसला. विजेच्या इंजिनाचा एक प्रकार आहे, त्यात प्रचंड वीज खेळते. पण ती सगळी रेट्यात जात नाही. बरीचशी वीज अ‍ॅनोड नावाच्या भागाला तापवण्यात वाया जाते. ती तिथं कशी जाते, किती जाते, का जाते, याच्यावर त्यांनी वर्षं घालवली. नवं इंजिन करतो, मंगळावर जातो, असं काही म्हणाले नाहीत. गिरणीतला जुना फिटर साच्यापुढं उभा राहिला की आधी बेअरिंगला हात लावून बघतो, कुठं तापतंय. तापतंय तिथं पैसा जळतोय. तसली ही विद्या.

त्याच वर्षी, १९९२ साली, ते मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक झाले. विद्यापीठ अ‍ॅन आर्बर गावात आहे, डेट्रॉईटच्या जवळ. डेट्रॉईट म्हणजे मोटारींच्या कारखान्यांचं शहर, कामगारांचं शहर, आपल्या गिरणगावासारखंच चढलेलं आणि पडलेलं. तिथं त्यांनी एक प्रयोगशाळा उभी केली. तिचं लांबलचक नाव आहे, थोडक्यात पीईपीएल म्हणतात. या प्रयोगशाळेचं काळीज म्हणजे एक लोखंडी टाकी. सहा मीटर रुंद, नऊ मीटर लांब. आपल्या गावातली पाण्याची टाकी आडवी टाकली तर तिच्यासारखी दिसेल. ही टाकी बेंडिक्स कंपनीनं १९६०च्या दशकात बांधलेली, चंद्रावर माणूस पाठवायच्या धामधुमीत. धामधूम संपली, टाकी विद्यापीठाकडं आली. कारखान्याचं सामान सहसा भंगारात जातं. आम्ही ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे, साचे वजनावर विकलेले पाहिलेत. इथं ते पोरांच्या शिक्षणाला लागलं.

टाकी कशाला? अवकाशात पोकळी असते, हवा नसते. जमिनीवर इंजिन तपासायचं तर टाकीतली हवा काढून घ्यावी लागते. पण मजा अशी, की इंजिन चालू केलं की तेच वायू बाहेर टाकतं आणि टाकी पुन्हा भरू लागते. मग पोकळी खोटी होते, मोजमाप खोटं होतं. म्हणून आत अतिथंड केलेले पत्रे असतात. झेनॉन त्यांच्यावर जाऊन गोठून बसतो. या खोट्या पोकळीनं आकडे किती बिघडतात, हाही या प्रयोगशाळेनं अभ्यासाचा विषय केला. आपल्या मोजण्यातलं खोट आपणच शोधायचं, ही सवय आमच्या मते विज्ञानातली सर्वांत मोठी सवय. पुढाऱ्यांना ती लागली असती तर काय पाहिजे होतं!

आता त्यांचं आम्हाला सर्वांत आवडलेलं काम. हॉल थ्रस्टरच्या त्या खाचेत नेमकं काय चालतं हे कोणाला नीट ठाऊक नव्हतं. बाहेरून झोत मोजता येतो, पण आतला कारभार? आत सळई घातली तर ती जळून जाते, आणि ती आत राहिली तर आतला कारभारच बदलून टाकते. गॅलिमोर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशी सोय केली की बारीक सळई झपकन् आत जावी, माप घ्यावं आणि जळायच्या आत बाहेर यावी. सगळा खेळ सेकंदाच्या लहानशा तुकड्यात. तुमच्या आया तव्यावरची भाकरी बोटानं उलटतात. बोट भाजत नाही, कारण ते तिथं थांबतच नाही. हेच तंत्र. २०००च्या आसपास हे काम झालं आणि त्यातून खाचेच्या आत वीज कुठं पडते, आयन कुठं धाव घेतो, याचे नकाशे निघाले. वर्तमानपत्रात असल्या कामाची बातमी येत नाही. पण यंत्र सुधारतं ते असल्या कामानं.

बातमी आली ती २०१७ साली. एक्स-३ नावाचा हॉल थ्रस्टर. एका खाचेऐवजी एकात एक तीन खाचा, रिंगणात रिंगण. वजन सव्वादोनशे किलोच्या वर. हलवायला क्रेन लागायची. ओहायो राज्यात क्लीव्हलँडला नासाचं ग्लेन संशोधन केंद्र आहे, तिथल्या मोठ्या टाकीत त्याची चाचणी झाली, कारण इतका वायू ओढून घ्यायला मिशिगनची टाकी पुरी पडत नव्हती. चाचणीचं काम स्कॉट हॉल नावाच्या विद्यार्थ्यानं केलं. (आडनाव हॉल, पण यंत्राचं नाव त्याच्यावरून नाही, हा निव्वळ योगायोग.) त्या यंत्रानं १०२ किलोवॅट वीज घेऊन ५.४ न्यूटन रेटा दिला. असल्या थ्रस्टरचा तोवरचा मोठ्यातला मोठा आकडा.

आता ५.४ न्यूटन म्हणजे किती ते सांगतो, हसू नका. साडेपाचशे ग्रॅम वजन हातावर ठेवल्यावर जेवढा भार लागतो तेवढा. आणि १०२ किलोवॅट म्हणजे विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या सत्तावीस मोटारी एकदम. सत्तावीस मोटारी चालवायच्या आणि अर्धा किलो कांदे उचलायचे! पुतण्यानं आकडेमोड करून दाखवली तेव्हा आम्हालाही वाटलं, हा काय धंदा? पण इथंच तर सगळी गंमत आहे. हे इंजिन जमिनीवरून काही उचलण्यासाठी नाहीच. जमिनीवरून वर नेण्याचं काम आगीच्या रॉकेटचं. वर गेल्यावर तिथं हवेचा अडथळा नाही, घासणं नाही. तिथं लहान रेटासुद्धा फुकट जात नाही, साठत जातो. आजचा रेटा उद्याच्या रेट्यावर बसतो. महिने जातात, वर्षं जातात.

नासाचं डॉन नावाचं यान २७ सप्टेंबर २००७ ला निघालं. त्याच्या इंजिनाचा रेटा एका कागदाच्या वजनाएवढा. शून्यावरून ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग यायला त्याला चार दिवस लागत. आपली एसटीसुद्धा त्यापेक्षा बरी. पण हे यान थांबलं नाही. मिळून सगळे जवळपास सहा वर्षं रेटत राहिलं आणि ताशी ४१,००० किलोमीटरच्या वर वेगाचा बदल त्यानं आपल्या बळावर मिळवला. २०११ साली वेस्टा या लघुग्रहाभोवती फिरलं, तिथून निघून २०१५ साली सेरेसभोवती फिरलं. पृथ्वी सोडून दोन वेगळ्या जगांभोवती फिरणारं ते पहिलं यान. सोबत घेतलेला झेनॉन होता ४२५ किलो. आगीच्या इंधनावर हे दोन मुक्काम त्याला झेपले नसते.

एक्स-३ अवकाशात गेलेलं नाही, हे पण सांगितलं पाहिजे. कारण १०२ किलोवॅट वीज वर आणायची कुठून? आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे एवढे मोठाले सौरपंखे, ते सगळे मिळून साधारण तेवढीच वीज देतात. म्हणजे इंजिन आधी तयार झालं, त्याला पोसणारी वीज अजून व्हायची आहे. ‘मंगळाचं इंजिन’ असे मथळे तेव्हा छापून आले होते, ते जरा उतावळे होते. माणसांना आणि सामानाला लांब न्यायचं तर असं मोठं इंजिन लागणार, आणि ते चालतं हे दाखवलं गेलं, एवढं मात्र खरं. लहान हॉल थ्रस्टरांचा तर आता सुकाळ झाला आहे. नासाचं सायकी यान १३ ऑक्टोबर २०२३ ला निघालं, ते हॉल थ्रस्टरवरच चालतं. इंटरनेट देणारे स्टारलिंकचे हजारो उपग्रह असल्याच यंत्रांवर जागा धरून असतात. त्यांनी महाग झेनॉन सोडून आधी क्रिप्टॉन आणि मग अर्गॉन हा स्वस्त वायू घेतला. झेनॉन हवेच्या एक कोटी भागांत एक भागसुद्धा नसतो, मग महाग असणारच.

आपल्या गावाला याचं काय, असं कोणी विचारील. १९९३ च्या ३० सप्टेंबरची पहाट आपल्या भागातला कोणताच माणूस विसरलेला नाही. त्या पहाटे तारा तुटल्या, खांब पडले, निरोप जायला वाट नव्हती. उपग्रहाचा निरोप खांबावरून जात नाही. पावसाचे ढग, वादळ, टीव्ही, सगळं ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहांवर चालतं. तिथं उपग्रह एका जागी ठेवलेला दिसतो, पण चंद्र आणि सूर्य त्याला सारखे ओढत असतात. त्याला वरचेवर ढकलून जागेवर आणावं लागतं. त्याच्यासाठी इंधन. आणि इंधन संपलं की उपग्रह संपला, मग आतली यंत्रं कितीही धड असोत. साचे धड, कामगार धड, आणि भांडवल आटलं म्हणून गिरणीला कुलूप. आमच्यातल्या अनेकांनी हे अनुभवलं आहे, म्हणून ही गोष्ट आम्हाला लवकर कळली. जुन्या पद्धतीच्या उपग्रहात उड्डाणाच्या वेळी जवळपास निम्मं वजन इंधनाचंच असायचं. विजेचा रेटा असला की ते वजन पुष्कळ कमी होतं. त्या जागी कामाची यंत्रं बसतात, आणि उपग्रह जास्त वर्षं टिकतो.

भारतानं हे ओळखलं होतं. इस्रोनं जीसॅट-४ या उपग्रहावर आपले प्लाझ्मा थ्रस्टर बसवले. १५ एप्रिल २०१० रोजी तो निघाला आणि रॉकेटच्याच बिघाडानं बंगालच्या उपसागरात गेला. थ्रस्टरला चालायची संधीच मिळाली नाही. सात वर्षं गेली. ५ मे २०१७ ला जीसॅट-९ गेला, शेजारी देशांसाठीचा दक्षिण आशिया उपग्रह, त्यावर हे तंत्र आपण वापरलं. आणि मार्च २०२५ मध्ये इस्रोनं जाहीर केलं की ३०० मिलिन्यूटनचा प्लाझ्मा थ्रस्टर ५.४ किलोवॅटवर टाकीत १००० तास चालवून बघितला. १००० तास का? कारण आयनांचा मारा खाचेची भिंत झिजवतो. आमच्या रिंगवरचा ट्रॅव्हलर झिजतो तसाच. तिथं आम्ही बदलून टाकतो, पण ३६,००० किलोमीटरवर कोण फिटर जाणार?

आगीच्या रॉकेटात आपल्या मराठी माणसाचं मोठं नाव आहे, पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर. घन इंधनाचे ते जाणकार. १९७९ ते १९८५ ते तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्राचे संचालक होते. त्यांच्याच काळात, १८ जुलै १९८० ला, एसएलव्ही-३ यशस्वी झालं. आणि नाव नसलेले आपले लोकही आहेत. मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात विकास इंजिनं आणि उपग्रहांचे थ्रस्टर बनतात. लेथवर, वेल्डिंगवर उभी असलेली माणसं आयटीआय झालेली आहेत. चांद्रयान-३ च्या रॉकेटचा जोर त्या हातांतून गेलेला आहे. आयटीआयला जाणाऱ्या पोरानं मान खाली घालायचं कारण नाही.

पुन्हा गॅलिमोर यांच्याकडं येऊ. त्यांच्या हाताखाली चाळीसच्या वर विद्यार्थी डॉक्टर झाले. त्यातले रिचर्ड हॉफर नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत हॉल थ्रस्टरचे मोठे तज्ज्ञ आहेत. लायन किंग मिशिगन टेकमध्ये स्वतः प्राध्यापक झाले. प्रयोगशाळा पुढं बेंजामिन जॉर्न्स यांनी चालवली. २०१६ ते २०२३ गॅलिमोर मिशिगनच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे डीन होते. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर त्यांची निवड झाली. १ जुलै २०२३ पासून ते ड्यूक विद्यापीठाचे प्रोव्होस्ट झाले, म्हणजे सगळ्या शिक्षणकारभाराचे प्रमुख.

त्यांच्याबद्दल बोलताना लोक पहिल्यांदा कातडीचा रंग सांगतात. आम्हीही सांगितला. पण तो सांगून थांबणं हा त्यांचा अपमान आहे. माणसानं तीस वर्षं आयन मोजले आणि आपण त्याचा रंग मोजत बसायचं! तरी रंग अजिबात सोडताही येत नाही, कारण ते ज्या विद्यापीठात वाढले तिथंच त्याच्यावर लढाई झाली. २००६ च्या नोव्हेंबरात मिशिगन राज्यात मतदान झालं आणि सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशात वंशावरून झुकतं माप देण्यास बंदी आली. गॅलिमोर डीन झाले ते या बंदीच्या दहा वर्षांनंतर. दार असं बंद असताना पोरं आत कशी आणायची? त्यांनी ‘समता-केंद्रित अभियांत्रिकी’ ही भाषा महाविद्यालयाच्या धोरणात आणली. यंत्र बनवताना ते कोणाच्या कामी येतं आणि कोणाला मागं ठेवतं हे अभियंत्यानं आधीच विचारलं पाहिजे, असा त्याचा अर्थ. नासाची मिशिगन स्पेस ग्रँट नावाची योजना विद्यार्थ्यांना मदत करते, तिचं संचालकपदही त्यांनी सांभाळलं. पुढं २९ जून २०२३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांच्या खटल्यात वंश बघून प्रवेश देणं बेकायदा ठरवलं. ड्यूक त्याच नॉर्थ कॅरोलायना राज्यात आहे आणि गॅलिमोर तिथं दोनच दिवसांनी रुजू झाले.

आपल्याला हे ओळखीचं वाटतं. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, विद्यापीठाच्या शेजारीच हार्लेम वस्ती. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानाला पत्र लिहून त्यांच्या आणि आपल्या प्रश्नातलं साम्य सांगितलं होतं. आपल्याकडं राखीव जागा घटनेनं दिल्या, तिकडं ते छप्पर नाही. पण राखीव जागा कागदावर असून उपयोग काय, जर दहावीनंतर गणित सोडणारी पोरं आपल्याच वस्तीत जास्त असतील? हा प्रश्न आम्ही इथं बसलेल्या आईबापांना विचारतो, दुसऱ्या कोणाला नाही. ‘आपल्याला कशाला पाहिजे गणित, आर्ट्स घे, डीएड कर’, हे वाक्य आपल्या घरांत किती वेळा बोललं गेलं ते आठवा. आर्ट्स वाईट नाही. पण पोराला गणित झेपत असताना आपल्या भीतीपोटी ते सोडायला लावायचं, हा त्याच्यावर अन्याय आहे.

वाट कशी आहे ते सांगतो, पोरांनी वहीत लिहून घ्या. अकरावी-बारावीला शास्त्र शाखा आणि गणित. मग जेईई. मुंबईच्या आयआयटीत अवकाश अभियांत्रिकीचा विभाग आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी केलेला ‘प्रथम’ नावाचा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ ला वर गेला. केरळात तिरुअनंतपुरमजवळ आयआयएसटी आहे, २००७ साली सुरू झालेली, अवकाश खात्याचीच संस्था; जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या गुणांवर तिथं प्रवेश मिळतो. ज्याला हे जमत नाही त्यानं दहावीवर पॉलिटेक्निक धरावं, डिप्लोमा करून पुढं पदवीला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. परदेशात शिकायचं तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राचीही वेगळी आहे. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, हे कागद बारावीच्या आधीच तयार ठेवा. आम्ही कार्यकर्ते म्हणून जेवढी पोरं तहसीलच्या पायरीवर रडताना पाहिली ती गुणांसाठी नव्हे, कागदांसाठी रडत होती.

एका मुलीनं मघाशी येताना आम्हाला विचारलं, बाबा, विजेनं यान चालतं तर वीज वरती कोण देतं? चांगला प्रश्न आहे. सूर्य देतो, पंख्यांवर पडलेल्या उन्हातून. म्हणून सूर्यापासून जितकं लांब जावं तितकी वीज कमी होते आणि रेटाही कमी होतो. गुरूच्या पलीकडं काय करायचं हे अजून ठरायचं आहे. अणुऊर्जेचा विचार चालू आहे. ते काम ज्यांनी करायचं ते आज नववी-दहावीत कुठंतरी बसलेले असणार, माकणीत का नसावेत?

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता अभ्यासिकेत कंगवा, फुगा आणि कागदाचे कपटे घेऊन भाराचा प्रयोग करू. मुलींनी आधी यावं, मागल्या वेळी पोरांनी सगळी जागा अडवली होती. ज्यांच्याकडं जुनी पेळूची दोरी किंवा पॉलिस्टरचं सूत असेल त्यांनी घेऊन यावं. आम्हीही गिरणीतून थोडं आणतो.